साथीत इतरांचे आयसीयू

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले, म्हणजे ‘मेडिकल’मधले ट्रॉमा केअर सेंटर २०२० मध्ये कोविड रुग्णालय झाले, तेव्हा शहरात त्याची फारशी हळहळ झाली नाही. ११ मार्चला नागपुरात पहिला बाधित सापडला होता. पंधरवड्यात टाळेबंदी लागली आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ जिथे एकमेकांना छेदतात त्या शहराभोवतीचे रस्ते ओस पडले. रस्त्यावर गाड्याच नाहीत, तर अपघातग्रस्तांसाठी बांधलेली इमारत, तिथले व्हेंटिलेटर आणि परिचारिका कोणाची वाट बघत ठेवायच्या? त्या घडीला हा प्रश्न बिनतोड होता. वर्षअखेरीचा हिशेब मात्र वेगळा निघाला. देशात रस्ते अपघातांत २०१९ मध्ये १,५१,११३ माणसे गेली, २०२० मध्ये १,३१,७१४. महिनोन्महिने निर्बंध असूनही घट सुमारे १३ टक्क्यांचीच होती. रस्ते थोडेच दिवस रिकामे राहिले, इमारत मात्र त्यानंतरही साथीकडेच राहिली.

ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. अख्खी इमारत साथीला देण्यामागे ठोस कारणे होती. आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता एकच ठेवता येतो, ऑक्सिजनची पाइपलाइन एका ठिकाणी वाढवता येते, पीपीई घातलेले कर्मचारी इतर वॉर्डांत फिरत नाहीत. डायलिसिसचा किंवा केमोथेरपीचा रुग्ण कोविडच्या रुग्णाशेजारी ठेवणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात ढकलणे होते. मेडिकल आणि शहरातले दुसरे सरकारी रुग्णालय मेयो इथे प्रत्येकी ६०० खाटांची कोविड व्यवस्था उभी झाली ती या विचारातून. लस नव्हती, औषध ठरलेले नव्हते आणि इटलीतून रोज येणारी दृश्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. अशा वेळी हात आखडता घेणारा अधिकारी कोणालाच नको असतो.

पण दुसऱ्या पारड्यात काय होते, हे त्यावेळी नीट मोजले गेले नाही. मुंबई-पुण्याचे हिशेब इथे लागू पडत नाहीत. मेडिकल हे एकट्या नागपूरचे रुग्णालय नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, शिवाय बालाघाट, शिवनी, छिंदवाडा इथून ‘नागपूरला न्या’ एवढी चिठ्ठी घेऊन माणसे इथे येतात. या भागातल्या गंभीर आजारांना ऋतू असतात. पेरणीपासून कापूस-सोयाबीनच्या फवारणीपर्यंत साप आणि कीटकनाशक यांचा हंगाम. नाग किंवा मण्यार चावलेल्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविष मिळूनही त्याला कधी काही तास, कधी काही दिवस व्हेंटिलेटर लागतो आणि तेवढे मिळाले तर तो बहुतेक वेळा चालत घरी जातो. घोणस चावली तर मूत्रपिंडे जातात, डायलिसिस लागते. ऑरगॅनोफॉस्फरस पोटात गेलेला शेतकरी तर अनेक दिवस कृत्रिम श्वासावर राहू शकतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या खाटांचे मोल सगळ्या विदर्भाने पाहिले होते. नागपुरात कोविडची पहिली लाट शिगेला पोहोचली ती सप्टेंबर २०२० मध्ये, नेमकी याच हंगामात. दुसरी शिगेला पोहोचली एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे उष्माघाताच्या तोंडावर. साथ काही कॅलेंडर बघून येत नाही. खाटांचा हिशेब करणाऱ्याने मात्र ते बघायला हवे होते.

या इतर रुग्णांचे काय झाले, याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनीच मिळते. देशातल्या १८७ रुग्णालयांच्या पाहणीत मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत ३५ टक्क्यांहून अधिक घटली. झटके घटले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. बरीच माणसे घरीच राहिली, काही रस्त्यात अडकली. मरणोत्तर अवयवदानाचा आकडा आणखी बोलका आहे: देशात २०१९ मध्ये ७१५ दाते होते, २०२० मध्ये ३५१. मेंदूमृत दाता अवयव काढेपर्यंत आयसीयूतच सांभाळावा लागतो. तो जागा अडवतोय असे वाटू लागले की मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीतली माणसे कोणाच्या लक्षात न येता मागे पडतात. कोविडच्या मृत्यूंचा आकडा रोज संध्याकाळी प्रशासनाच्या पत्रकात यायचा. आयसीयू न मिळाल्याने गेलेल्या इतरांचा रकानाच त्या पत्रकात नव्हता, आणि ज्याला रकाना नाही त्याची बाजू बैठकीत कोण मांडणार?

खासगी रुग्णालये होतीच की, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर नियंत्रण आणले आणि दर बांधून दिले: आयसीयूचे दिवसाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. कोविड नसलेल्या रुग्णांचे दरही त्यात बांधले होते. नागपूरच्या रुग्णालय संघटनेने त्याला आव्हान दिले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही, असा निकाल दिला. कायद्याच्या अंगाने त्या निकालात खोट काढणे अवघड आहे. साथरोगाचे कायदे साथीसाठी असतात, त्यांच्या आडून सगळा दवाखाना ताब्यात घेता येत नाही. परिणाम मात्र असा झाला की कोविड झालेल्याला दराचे संरक्षण उरले आणि मेंदूत रक्तस्राव झालेल्याला उरले नाही. सरकारी आयसीयू साथीने भरलेले आणि धंतोली-रामदासपेठेतले खासगी आयसीयू बाजारभावाने, या दोहोंच्या मधल्या फटीत गरीब रुग्ण पडला.

एप्रिल २०२१ मध्ये तर ही चर्चाच मागे पडली. त्या महिन्यात नागपुरात खाट, ऑक्सिजन आणि रेमडेसिविर हे तीनच शब्द ऐकू येत. ९ एप्रिलला वाडीतल्या एका खासगी कोविड रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागून रुग्ण दगावले. १९ एप्रिलला खंडपीठाने रात्री ८ वाजेपर्यंत नागपूरला रेमडेसिविरच्या १०,००० कुप्या द्या, असे सरकारला बजावले. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर नागपूरला उतरले. ऑक्सिजनने जीव वाचले यात शंका नाही. रेमडेसिविर मात्र वापरू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती. न्यायालयाला दोष द्यायचा नाही, दारात नातेवाईक आणि हातात डॉक्टरांची चिठ्ठी असताना दुसरे काय करता आले असते? पण सगळ्या यंत्रणेचे बळ एकाच दिशेला ओढले जाते तेव्हा दुसरीकडे बघायला माणूसच उरत नाही, हे त्या महिन्यात दिसले.

मग इतरांसाठी काही आयसीयू खाटा राखून ठेवाव्यात का? यावरचा सर्वांत जड आक्षेप साधा आहे. दारात श्वासासाठी तडफडणारा माणूस असताना सर्पदंशाच्या रुग्णासाठी रिकामी ठेवलेली खाट दाखवायची कोणत्या तोंडाने? या आक्षेपाला झटकून टाकता येत नाही. पण आयसीयूची मोजणी खाटांनी नव्हे, खाटेच्या दिवसांनी करावी लागते. कोविडचा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बहुधा दोन-तीन आठवडे राही आणि त्यातून वाचणारे कमी असत. मण्यारीचा किंवा अपघाताचा रुग्ण सहसा त्याहून लवकर मोकळा होई. एक खाट साथीला दिली म्हणजे एकाला दिली आणि एकाला नाकारली असे नव्हे, अनेकांना नाकारली असे होते. अर्थात हेच गणित शेवटापर्यंत ओढले तर म्हाताऱ्यांना आणि अपंगांना दारातूनच परत पाठवावे लागेल. जर्मनीत २०२१ च्या अखेरीस घटनात्मक न्यायालयाने याच भीतीपोटी संसदेला कायदा करायला लावला. २०२२ च्या त्या कायद्याने वय वा अपंगत्व न पाहता केवळ आत्ता जगण्याची शक्यता हा निकष ठेवला. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये एका वृद्ध नागपूरकराने आपली खाट तरुण रुग्णासाठी सोडल्याची बातमी देशभर गाजली. तसे घडले की नाही, यावरही वाद झाला. घडले असेल तर ते थोरपण, पण कोणाच्या थोरपणावर आयसीयू चालवता येत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या मार्गदर्शक सूचनांत एक ओळ आहे: साथीत किंवा आपत्तीत खाटा, मनुष्यबळ, उपकरणे अपुरी असतील तर कमी प्राधान्याच्या रुग्णांना आयसीयूत घेऊ नये. ओळ योग्य आहे. पण रात्री अडीच वाजता ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने तेवढ्या ओळीवर निर्णय घ्यायचा आणि सकाळी नातेवाइकांचा मारही त्यानेच खायचा, हे चालणार नाही. जिल्ह्याजिल्ह्याने आधीच लिहून ठेवलेली किमान मर्यादा हवी: साथ कितीही वाढली तरी अपघात, विषबाधा, सर्पदंश, प्रसूती आणि हृदयविकार यांच्यासाठी आयसीयूचा अमुक भाग सुटणार नाही, हंगामाप्रमाणे तो वाढेल किंवा उतरेल, आणि तो मोडायचा असेल तर तीन वरिष्ठांच्या सहीनेच मोडेल. आमच्या मते ही मर्यादा सरकारी रुग्णालयांत जास्त आणि खासगीत कमी असावी. २०२० मध्ये घडले ते उलटे. ज्या इमारतीला पर्याय नव्हता ती आधी दिली गेली.

मर्यादा खाटांत लिहून भागणार नाही, हे मात्र खरे. अतिदक्षता विभाग जन्मालाच साथीतून आला. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची लाट आली, तेव्हा यंत्रे अपुरी होती म्हणून सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने फुगे दाबत रुग्णांचा श्वास चालू ठेवला. तिथे जीव वाचले ते माणसांच्या जोरावर. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका हा आपलाही निकष आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे साथ नसताना, मेडिकल आणि मेयोत मिळून २४ तासांत २५ मृत्यू झाल्याची बातमी आली. खासगीत पैसे संपल्यावर शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण आमच्याकडे येतात, असे प्रशासनाने सांगितले. तेही खोटे नव्हते. पण साध्या ऑक्टोबरात जे आयसीयू असे काठोकाठ चालते, तिथे राखीव खाट ठेवायची तर तिच्यासोबत चोवीस तासांच्या पाळ्यांच्या परिचारिका आणि एक भूलतज्ज्ञ यांची मंजूर आणि भरलेली पदे दाखवावी लागतील. पुढच्या आदेशात खाटांच्या आकड्यासमोर हा रकाना आहे का, ते आधी पाहावे.