पटावरील काळे-पांढरे खडे

जपानच्या लांकडी ठशांच्या चित्रांत तंतुवाद्य, काळ्या-पांढऱ्या खड्यांचा ‘गो’ हा खेळ, सुलेखन व चित्रकला हे विषय वारंवार येतात. चीनमध्यें या चार कला विद्वानाचें भूषण मानीत. १७६५ सालीं एडो नगरांत बहुरंगी छपाई रूढ झाल्यावर सुझुकी हारुनोबूप्रभृति चित्रकारांनीं तेथील योशिवारा वस्तींतील गणिकाही या कलांत मग्न दाखविल्या. पटाशीं बसलेली ती स्त्री किती स्वस्थ, किती सुसंस्कृत दिसते! परंतु अशा पुष्कळजणी बाळपणींच दारिद्र्यापायीं विकल्या गेल्या होत्या, हें चित्र सांगत नाहीं. १९५८ सालीं कायद्यानें तो बाजार बंद झाला. या कलेची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं तींतील रेषा व रंग अवश्य पाहावे; मात्र विद्येनें भूषविलेले ते हात मोकळे होते काय, हेंही विचारावें.