‘सहा वर्षांची झाली की आणा’



जून जवळ आला की वर्तमानपत्रांच्या नांदेड-लातूरच्या पानांवर नर्सरीच्या जाहिराती झळकू लागतात. ‘जागा मर्यादित, आजच प्रवेश निश्चित करा.’ त्या मर्यादित जागांतली एकही माझ्या साडेचार वर्षांच्या नातीला मिळाली नाही, म्हणून हे पत्र.

नात स्वमग्न आहे. बोलणं मोजकं, वाजंत्री ऐकली की कानांवर हात, आणि हाती लागेल ती वस्तू रांगेत मांडायचा नाद. आम्ही मुखेडचे. नांदेड असो की लातूर, एसटीनं जाऊन येण्यात दिवस मोडतो. तरी दोन्ही शहरं पालथी घातली. एका नर्सरीत ‘बाकीचे पालक तक्रार करतील’ हे कारण मिळालं. दुसरीत ‘हिच्यासाठी वेगळी बाई ठेवावी लागेल, तिचा पगार तुम्ही द्या’ असं सांगितलं. एका विशेष शाळेनं सरळ सांगितलं, ‘सहा वर्षांची झाली की आणा.’

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. राग आला, पण कायदा काढून वाचला तेव्हा कळलं की ती शाळा मनाचं सांगत नव्हती. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबाबत त्याचं अकरावं कलम एवढंच म्हणतं की शासन सोय करू शकेल. करावीच लागेल, असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो ६ ते १८ वयात. भेदभाव न करता प्रवेश द्या, असंही तो बजावतो, पण अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थांना. गल्लीतल्या खासगी नर्सरीला पहिलीच्या शाळेसारखी मान्यता लागतच नाही. मग बजावणार कोणाला? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षणाची सुरुवात तिसऱ्या वर्षापासून धरली, पण हक्क अजून सहाव्या वर्षाचीच वाट बघतो. भाषा, खेळ, चारचौघांत बसणं हे सारं ज्या तीन वर्षांत रुजतं, नेमकी तीच वर्षं मोकळी सुटली.

यावर ‘लातूरला न्या’ हा सल्ला हमखास मिळतो. तिथं स्वमग्न मुलांसाठी ‘उमंग’ आहे, हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ आहे, आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण अकरावी-बारावीसाठी लातूरला खोली करून राहायची आपल्याकडची रीत आता चार वर्षांच्या लेकरासाठीही पाळायची का? आई तिकडं, बाप शेतावर, थोरला भाऊ आजीकडं, अशी घराची तीन ठिकाणी वाटणी होते. शिवाय थेरपी आठवड्यातून दोन-तीन तासांची. उरलेला वेळ लेकरानं कोणात मिसळायचं? तज्ज्ञ हवेतच, पण सवंगडी तज्ज्ञांकडं मिळत नाहीत.

माझं म्हणणं असं की आधार देणारी बालवाडी नव्यानं शोधायची गरज नाही. ती गावोगावी आहे, तिला अंगणवाडी म्हणतात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. लेकरं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला. आज अंगणवाडी पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणून तिला नाही म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी नियमावलीही आणली: लक्षणं वेळेत ओळखा, मुलाला सामावून घ्या, पुढच्या उपचाराला पाठवा.

यावर अंगणवाडी ताई म्हणतील, ‘आमच्यावर आणखी एक ओझं?’ तक्रार खरी आहे. वजन, उंची, आहार, मोबाइलमधल्या नोंदी, वर सर्वेक्षणं, आणि हे सगळं मानधनावर. त्यांनी थेरपिस्ट व्हावं असं मी म्हणत नाही. त्यांना हात द्या, एवढंच म्हणतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासतं, पण संदर्भचिठ्ठी पालकांच्या हाती पडते आणि ताईंना पुढचं काही कळत नाही. राज्यानं २०२४ मध्ये केंद्रस्तरावर (म्हणजे शाळांच्या गटांच्या पातळीवर) ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, तीही शाळांसाठी. आरोग्य, महिला-बालविकास, शालेय शिक्षण, दिव्यांग कल्याण अशी चार खाती आणि मूल मात्र कोणाच्याच हजेरीवर नाही.

म्हणून तीन मागण्या. शाळांच्या केंद्राच्या विशेष शिक्षकानं महिन्यातला एक ठरलेला दिवस अंगणवाड्यांना द्यावा. तपासणी पथकानं ‘या मुलाशी वर्गात कसं वागायचं’ हे साध्या मराठीत पानभर लिहून ताईंच्या हाती द्यावं. आणि खासगी नर्सरींसाठी नियम होतील तेव्हा प्रवेश नाकारण्याचं कारण लेखी देण्याची अट त्यात असावी. तोंडी नकार सोपा असतो. सही करायची वेळ आली की माणूस विचार करतो.

दिवाळीनंतर सून नातीला घेऊन गल्लीतल्या अंगणवाडीत बसू लागली. नर्सरीत जो नाद दोष ठरला होता, तोच ताईंनी कामाला लावला. नातीपुढं चिंचोके ठेवले. ती रांग मांडायची, बाकीची पोरं तिच्याभोवती बसून मोठ्यानं मोजायची. नात अजून ‘दहा’ म्हणत नाही. पण नऊच चिंचोके दिले की दहाव्यासाठी हात पुढं करते.

हे ताईंना कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, त्यांना आपणहून सुचलं. ज्या गावच्या ताईंना सुचणार नाही, तिथल्या लेकराचं काय? नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी येत्या जूनपासून निदान एकेका केंद्रात हे करून पाहावं. मुखेडचं केंद्र निवडलं, तर वर्गात चिंचोके पुरवायची जबाबदारी माझी.

— एक निवृत्त शिक्षक, मुखेड (जि. नांदेड)