रद्दीतली वंशावळ

आमच्या घरी भाद्रपद वद्य नवमीला एक पान अधिक वाढले जाते. पितृपंधरवड्यातील ही अविधवा नवमी. पतीच्या आधी, सवाष्णपणी निवर्तलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ या दिवशी सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरण्याची आपल्याकडे रीत आहे. आमची आजी ही आजोबांची दुसरेपणाची बायको. तिने आपल्या हयातीत या नवमीला कधी खंड पडू दिला नाही. आजोबा गेल्यावरही नाही. मात्र हे पान कोणाचे असे विचारले, की घरात सर्वांचे उत्तर एकच असे : "आधीचीचे."

या आधीचीला नाव असलेच पाहिजे. किंबहुना माहेरचे एक आणि सासरचे एक, अशी दोन असतील. परंतु घराण्याच्या वंशावळीत आजोबांच्या नावाखाली आमच्या आजीचे नाव आहे, मुलग्यांची नावे आहेत आणि वर एका ओळीत 'प्रथम पत्नी निवर्तली' एवढाच उल्लेख आहे. ज्या बाईचे पान शंभराहून अधिक वर्षे वाढले जात होते, तिला कोणत्या नावाने हाक मारीत हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते.

या प्रसंगाची आठवण होण्यास कारण असे, की इंदूरच्या एका वाचकभगिनींनी आम्हांस विचारले आहे : घरचे कागद वाड्याबरोबर गेले, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पाहून झाल्या, आता पूर्वजांचा शोध घ्यावा कोठे? आमचे उत्तर आहे, जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांत. वाटेत आम्ही कोठे चुकलो हे सांगितल्यास त्यांचे श्रम वाचतील, म्हणून घरची ही हकीकत येथे थोडी विस्ताराने देतो.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी देवळे, वाचनालये आणि गणेशोत्सव यांच्या जोडीने वर्तमानपत्रेही चालविली. बडोद्यास भगवंतराव पाळेकरांनी १९१७ साली 'जागृति' काढून ते तीन दशके चालविले. बेळगावास बाबूराव ठाकुरांचा 'तरुण भारत' १९१९ सालचा. हैदराबादेस १९२० साली 'निजाम विजय' निघाले. गोव्यात गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे 'भारत' १९१२ साली सुरू झाले. ग्वाल्हेरचे 'जयाजीप्रताप' हे संस्थानी साप्ताहिक, बहुतांशी हिंदी. परंतु मराठी घरांची वार्ता त्यातही सापडावी. पुण्या-मुंबईच्या मोठ्या पत्रांना राज्यकारभार आणि राजकारण यांतूनच सवड नसे. कोणाचा मुलगा परीक्षेत उतरला, कोणाच्या घरी सत्यनारायणाला कोण आले, कोणत्या शाळेच्या बक्षीस समारंभास कोणती बाई अध्यक्ष होती, हे छापावयाचे ते गावच्या पत्राने. आपले पूर्वज बहुधा अशाच ओळींत आहेत.

आता आमचा शोध. घरात अशी समजूत होती, की आधीची प्लेगात गेली. प्लेगाची साथ मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात जाहीर झाली, हे ठाऊक असल्याने आम्ही त्या सुमाराची जुनी पत्रे पाहू लागलो. त्या काळी प्लेगास 'ग्रंथिक सन्निपात' असेही म्हणत, हेही आम्हांस तेथेच उमगले. नुसता 'प्लेग' शब्द शोधणारा निम्म्या बातम्यांना मुकतो. दोन महिने असे गेले आणि हाती काही लागले नाही. मग एके दिवशी माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ कल्हईच्या निमित्ताने खाली आले. त्याच्या काठावर आजोबांचे नाव आणि 'शके १८३३' असे कोरलेले होते. ते त्यांच्या पहिल्या लग्नातले. शके १८३३ म्हणजे १९११! जिचे लग्नच १९११ साली झाले, तिला आम्ही १८९६ च्या साथीत शोधीत होतो.

नव्वदी ओलांडलेल्या आमच्या आत्यांना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, प्लेगाचे तुम्ही मुलांनीच मनाने जोडलेत. आई कधी तसे म्हणत नसे. ती मानमोडीत गेली, असे म्हणे."

मानमोडी! या एका शब्दाने साल हाती आले. १९१८ च्या शरदात आलेल्या इन्फ्लुएंझाला मराठी मुलखात हेच नाव पडले होते. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण ही साथ. वर्तमानपत्रांच्या आधी घरातले वृद्ध माणूस वाचावे, हा पहिला धडा आम्ही येथे घेतला. फायली आणखी दहा वर्षे कदाचित टिकतील. आत्यांचे तसे नाही.

पुढचा प्रश्न गावाचा. आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत, आणि संस्थानचा मुलूख सलग नव्हता; बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे प्रांत दूरदूर पसरलेले. अशा वेळी संस्थानचे सरकारी पत्र 'आज्ञापत्रिका' उपयोगी पडते. मजकूर गुजराती, परंतु छपाई बाळबोध लिपीत; त्यामुळे आपल्याकडील कोणासही तो सहज लावता येतो. तेथे बदल्यांच्या यादीत आजोबांची एक ओळ सापडली. १९१८ साली ते पेटलादच्या वहिवाटदार कचेरीत होते. साल कळले, गाव कळले, आणि मग आम्ही त्या काळच्या एका साप्ताहिकाच्या फायलीत पेटलादच्या बातमीदाराची पत्रे वाचू लागलो.

ऑक्टोबरात काही नाही. नोव्हेंबरात नाही. साथीच्या दिवसांत बातमीदारही आजारी, टपालही विस्कळीत, आणि मृत्यू इतके, की नावे छापावी तरी किती? आम्ही फाईल मिटणार होतो, परंतु ग्रंथपाल म्हणाले, "पुढचे तीन महिने पाहिल्याशिवाय उठू नका." त्यांचा अनुभव खरा ठरला. पुढच्या जानेवारीच्या एका अंकात, बातम्यांत नव्हे, तर शेवटच्या पानावरच्या 'साभार पोच' या सदरात, पाच ओळी होत्या. आजोबांनी आपल्या कै. पत्नीच्या स्मरणार्थ गावच्या कन्याशाळेस बक्षिसांसाठी अकरा रुपये दिले होते. बाई सायंकाळी शेजारच्या मुलींना घरी लिहावयास शिकवीत, असेही त्यात होते. आणि नाव होते.

आता वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली कालगणनेची. आपल्या घरांत पुष्कळदा श्राद्धाची तिथी ठाऊक असते, साल ठाऊक नसते. जुन्या पत्रांच्या मथळ्याशी तिथी, शक वा संवत छापलेला असे, म्हणून तिथी हाच धागा समजावा. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळविले, की इसवी सन येतो. संवताचे मात्र जपावे. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, माळव्यात चैत्रात. १९१८ च्या ऑक्टोबरातील एकच दिवस बडोद्याच्या पंचांगात संवत १९७४ आणि इंदूरच्या पंचांगात १९७५. शिवाय उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो. आपण जिला भाद्रपद वद्य नवमी म्हणतो, ती ग्वाल्हेरच्या हिंदी पत्रात आश्विन कृष्ण नवमी म्हणून सापडेल. वद्य पक्षातील तिथी शोधताना हा महिन्याचा फेर ध्यानी न ठेवल्यास सबंध फाईल व्यर्थ चाळली जाते.

दुसरी गोष्ट, कोठे पाहावे याची. निधनवार्ता हे शेवटचे ठिकाण समजा. देणगीदारांच्या याद्या, परीक्षांचे निकाल, आभार, पोच, कोर्टाच्या जाहिराती, 'हरवले आहे' या सदरातील चार ओळी, यांत सामान्य माणूस अधिक भेटतो. स्त्रियांसाठी हळदीकुंकू समारंभ, कन्याशाळा आणि भगिनीमंडळे यांचे वृत्तांत वाचावेत, त्यांतही 'रा. रा. अमुक यांच्या पत्नी' एवढ्यावर समाधान मानण्याची वेळ अनेकदा येते. घरी गावची फाईल नसेल, तर ठाण्याचे १८९३ सालचे मराठी ग्रंथ संग्रहालय आणि मुंबईचे १८९८ सालचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे चौकशी करावी. आपल्या गावच्या जुन्या वाचनालयाचे माळे त्याहून आधी पाहावेत. आता पुष्कळ जुनी पत्रे संगणकावरही पाहावयास मिळतात. परंतु झिजलेल्या खिळ्यांची अक्षरे यंत्रास नीट लागत नाहीत. शब्द टाकून सापडले नाही म्हणजे छापलेच नव्हते, असे मानू नये. पाने उलटावीच लागतात.

तिसरी गोष्ट विश्वासाची. छापले म्हणजे खरे, असे नाही. गावची पत्रे एकमेकांच्या बातम्या उतरून घेत, नावांत चुका करीत, आणि वर्गणीदाराच्या वडिलांची थोरवी जरा सढळ हाताने गात. तसेच प्रत्येक पत्राला सगळा गाव दिसत नसे. सरकारी नोकर, वकील, सावकार यांची घरे जेथे पानोपानी भेटतात, तेथे सुतार, माळी, बलुतेदार किंवा अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील माणसे क्वचितच दिसतात. अशा घरांतील वाचकांनी सत्यशोधक परंपरेतील पत्रे अवश्य पाहावीत. १८७७ सालचे 'दीनबंधु', पाळेकरांची 'जागृति', बेळगावचे 'राष्ट्रवीर' ही पत्रे त्या माणसांकडे वेगळ्या नजरेने पाहत. कोणतीही नोंद दुसऱ्या पुराव्याने ताडून पाहावी. आमच्या बाबतीत घंगाळ, आत्या, आज्ञापत्रिका आणि साप्ताहिक असे चौघे साक्षीदार एकत्र आले, तेव्हाच आम्ही ते नाव वंशावळीत लिहिले. फायलीत कोणाच्या कर्जाची, कज्ज्याची, फारकतीची बातमीही डोळ्यांखालून जाते. ज्यांची नातवंडे आज आपल्या शेजारी राहतात, त्यांच्याविषयीचे तेथेच ठेवून यावे.

चौथी गोष्ट हातांची. त्या काळचा स्वस्त कागद उन्हाने व हवेने तांबूस होऊन घडीवर तुटतो. फाईल झेरॉक्सवर दाबून उलटी धरू नये. मोबाईलने खिडकीच्या उजेडात छायाचित्र घ्यावे. टिपणे पेन्सिलीने करावीत. पत्राचे नाव, तारीख, पान आणि रकाना जागच्या जागी लिहावा, कारण 'कोठेतरी वाचले होते' याचा पुढच्या पिढीला उपयोग नाही. घरच्या कात्रणांना चिकटपट्टी लावू नये, ती काचेत मढवून भिंतीवर उन्हातही टांगू नयेत. आणि ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले, फोटोच्या चौकटीमागे घातलेले, जुन्या वह्यांना घातलेले कागद उलगडून पाहिल्याशिवाय रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नयेत, ही हात जोडून विनंती. ज्या पत्राच्या सार्वजनिक प्रती उरल्या नाहीत, त्याचा एखादा अंक तुमच्याच घरात असू शकेल.

असो. गेल्या अविधवा नवमीला आम्ही छायाचित्राची प्रत घेऊन आत्यांकडे गेलो. चष्मा पुसून त्यांनी त्या पाच ओळी दोनदा वाचल्या. मग म्हणाल्या, "आईला हे नाव ठाऊक असणार. सवतीचे नाव घेऊ नये, म्हणून घेतले नसेल. पण पान कधी चुकवले नाही हो." थोड्या वेळाने सून पान वाढावयास आली. दरवर्षीप्रमाणे "आधीचीचे" असे ती म्हणणार, तोच आत्यांनी हाताने थांबविले आणि स्वतः ते नाव मोठ्याने उच्चारले. ते आम्ही येथे छापीत नाही. छापून झालेले आहे, एकदा, १९१९ च्या जानेवारीत.