सात मिनिटांची बदली नको
सदर : रुळांवरून

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्या-ठाण्याचे कितीतरी आईवडील जर्मनीतल्या लेकी-मुलांकडे निघतात. विमानाच्या तिकिटावर घरात महिनाभर चर्चा होते, फ्रँकफुर्टला उतरल्यावरच्या रेल्वेवर मात्र कुणी फारसं बोलत नाही. मुलं घाईत सर्वांत स्वस्त तिकीट काढून पाठवतात आणि त्यात बऱ्याचदा सात-आठ मिनिटांत गाडी बदलायची असते. अशा तिकिटाला माझा ठाम विरोध आहे.

जर्मन रेल्वे वक्तशीर, हा समज आता जुना झाला. २०२४ मध्ये डॉइचे बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. त्यातही उशीर सहा मिनिटांच्या आत असेल, तर गाडी वेळेवरच धरतात. म्हणजे हिशेबात वेळेवर असलेली गाडीसुद्धा तुमची बदली चुकवू शकते. हमाल नसतो, बॅगा आपणच ओढायच्या. साठी ओलांडलेल्यांनी मध्ये पाऊण तास हाताशी ठेवावा. थेट गाडी असेल तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्यावी.

स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं. पण मुक्कामाला वीस मिनिटं किंवा अधिक उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. हे ठाऊक नसल्यामुळे माणसं घाबरून नवं तिकीट काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. तासभर उशीर झाला तर पाव आणि दोन तास झाला तर निम्मं भाडं परत मागता येतं.

आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे डबा आणि बर्थ ठरलेला. तिथे आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीचं तिकीट हातात असूनही जागा नसू शकते. दुसऱ्या वर्गात आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत जागेवर बसला नाहीत तर हक्क जातो.

फलाटाचे ए, बी, सी असे भाग असतात. कुठला डबा कुठल्या अक्षरापाशी येणार, ते फलकावर दिसतं. ते वाचाच, कारण काही आयसीई म्हणजे जोडलेल्या दोन गाड्या असतात. बर्लिनहून पश्चिमेला जाणाऱ्या कित्येक गाड्या हाम स्टेशनात सुट्या होत आल्या आहेत : एक भाग वुपरटालमार्गे कोलोनला, दुसरा डॉर्टमुंडमार्गे ड्युसेलडॉर्फकडे. चुकीच्या भागात चढलात तर चालत्या गाडीत आतून पलीकडे जाता येत नाही. चढण्याआधी दाराजवळच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचा.

फ्रँकफुर्ट विमानतळावर स्टेशनंही दोन आहेत, एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, दुसरं लोकलचं. आत शिरताना कुणी अडवत नाही, फाटकं नसतात; पण विनातिकीट सापडलात तर किमान ६० युरो दंड.

दोन-तीन महिने राहणार असाल तर डॉइचलँड-टिकिट घ्या. २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. देशभरच्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात चालतात, आयसीई चालत नाही. मात्र ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. परतीच्या महिन्यात १० तारखेच्या आत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. निघण्याच्या गडबडीत मुलांकडून हे राहून जातं, तेव्हा ती तारीख तुम्हीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

— यात्रिक