खोपोलीची सहल आणि मुक्कामाचा प्रश्न

बार्शीकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी, पण प्रश्न एका ओळीचा : 'दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीचे इमॅजिका बघायला जायचे चालले आहे, तर मुक्काम करावा की नाही, आणि केला तर कुठे?' बाकीच्या पानांत घरातला वाद आहे. मुलांना तिथले मोठमोठे पाळणे बघायचे आहेत. घरधन्यांचे म्हणणे, पहाटे तीनला जीप काढू आणि रात्री उशिरा का होईना, घरी येऊन पडू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण नातवंडांबरोबर जायची त्यांना फार हौस. आणि उद्यानाला लागून जे हॉटेल आहे त्याचे भाडे मोबाइलवर पाहिल्यापासून ताईंची झोप उडाली आहे. सोयाबीनचे पैसे अजून हातात यायचे आहेत, पण त्यांना वाटा आत्ताच फुटू लागल्या आहेत.

ताई, पहिली गोष्ट घरधन्यांना वाचून दाखवा. बार्शीहून खोपोली म्हणजे पुणे ओलांडून, बोरघाट उतरून खाली. जवळजवळ तीनशे किलोमीटरची वाट. जो माणूस पहाटे तीनला गाडी काढणार, तोच दिवसभर उन्हात मुलांबरोबर रांगा धरणार, पाळण्यात गरगर फिरणार आणि रात्री आठला पुन्हा घाट चढायला लागणार. मागे सगळे घर झोपलेले आणि पुढे एकटा तो जागा. बैलगाडी असती तर बैलांनी वाट धरून घरी आणले असते; जीप तसे करीत नाही. तेव्हा मुक्काम करायचाच. हॉटेलचे भाडे जड वाटले तर कमी भाड्याची जागा शोधा, पण रात्रीचा प्रवास करून पैसे वाचवू नका. यावर घरात वाद नको.

आता कुठे राहायचे ते पाहू. त्याआधी उद्यानाच्या शेजारीच हॉटेल का असते, याची थोडी हकिगत सांगतो. भाडे ऐकून छाती का दडपते ते त्यावरून कळेल.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम म्हणून गाव आहे. तिथे संत्र्याच्या बागा होत्या. वॉल्ट डिस्ने या चित्रपटवाल्याने तिथली सुमारे १६० एकर जमीन घेतली आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. होते नव्हते ते पैसे उद्यानातच गेले, हॉटेल बांधायला हात रिकामे. म्हणून जॅक रॅदर नावाच्या दूरचित्रवाणी-निर्मात्याला त्याने शेजारी हॉटेल बांधायला राजी केले. ते त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाले. उद्यानाला गर्दी लोटली तशा भोवतालच्या बागा मोडून लोकांनी खाणावळी आणि लॉज उभे केले. माणसे यायची डिस्नेचे पाळणे बघायला आणि रात्रीचे पैसे मोजायची शेजाऱ्याला. पाट आपण काढावा आणि पाणी बांधावरून शेजाऱ्याच्या वावरात जावे, तशातली गत. रॅदरचे ते हॉटेल डिस्ने कंपनीच्या हाती आले १९८८ साली.

डिस्नेने यावरून धडा घेतला. फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडोजवळ त्याने दलदलीची, कुरणांची मिळून सुमारे २७ हजार एकर जमीन वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून गुपचूप विकत घेतली. एकरी सरासरी दोनशे डॉलरही पडले नाहीत. खरा घेणारा कोण हे १९६५ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रातून फुटले आणि भोवतालच्या जमिनीचे भाव एकाएकी आभाळाला भिडले. ज्यांनी आधी विकली ते पाहत राहिले. असे प्रकार आपल्याकडे कुणाला सांगायला नकोत. डिस्ने १९६६ साली वारला, पण १ ऑक्टोबर १९७१ ला फ्लोरिडाचे उद्यान उघडले तेव्हा कंपनीची स्वतःची दोन हॉटेले शेजारी तयार होती. त्यातल्या एकाच्या तर पोटातूनच उद्यानाची एकरुळी गाडी जाते.

तेव्हापासून जगभर हीच रीत पडली. हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीच्या आवारात सितारा आणि तारा ही हॉटेले आहेत, नांदेड-लातूरकडच्या वाचकांना ती ठाऊक असतील. इमॅजिका २०१३ साली उघडले, २०१४ साली शेजारी पाण्याचे उद्यान झाले आणि २०१५ साली नोव्होटेल नावाने हॉटेल. अशा हॉटेलात तुम्ही जे भाडे देता ते केवळ गादीचे आणि पंख्याचे नसते. ते असते अंतराचे. पाय दुखले की दहा मिनिटांत पाठ टेकता येते, याचे ते पैसे. म्हणून प्रश्न असा विचारायचा : आमच्या घरात हे अंतर कुणाच्या उपयोगाचे आहे?

सगळी धट्टीकट्टी माणसे आणि दहा-बारा वर्षांची पोरे असतील तर कुणाच्याच नाही. ही मंडळी गेट उघडताच आत शिरतात आणि बंद होताना शिट्टी वाजेपर्यंत बाहेर येत नाहीत. त्यांच्यासाठी भारी खोली घेणे म्हणजे वापरायची नाही अशी वस्तू भाड्याने आणणे. खोपोलीत साधा, स्वच्छ लॉज बघा, झोपण्यापुरता. पण घरात अंगावरचे मूल असेल, बाळंतपणातून नुकती उठलेली सून असेल, किंवा तुमच्यासारखी गुडघ्याने त्रासलेली सासू असेल, तर दुपारी दोन तास पाठ टेकायला जागा असणे ही चैन नव्हे.

इथे सासूबाईंबद्दल थोडे बोलतो, कारण पत्रात तुम्ही दोनदा लिहिले आहे की, 'त्यांना खोलीवर बसवले तर चालेल का?' ताई, ते त्यांनाच विचारा. त्या नातवंडांची मौज बघायला येताहेत. परक्या गावी बंद खोलीत टीव्हीपुढे दिवस काढायला नव्हे. मोठ्या पाळण्यात त्यांना बसता येणार नाही हे खरे. पण अशा उद्यानांत बसून बघायचे खेळही असतात, संध्याकाळची मिरवणूक असते. ज्येष्ठांना तिकिटात काही सवलत आहे का, आत चाकाची खुर्ची मिळते का, हे आधी फोनवर विचारून घ्या. आणि दुपारी त्या खोलीवर आल्या तर त्यांच्याजवळ कोण बसणार? आमचा अनुभव सांगतो की न विचारता सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळतात. मग वर्षाकाठी एकदा घराबाहेर पडलेली बाई तिथेही औषध-पाणी बघत बसते आणि मुले येऊन सांगतात, 'आई, तू काय बघितलंस?' पाळी लावा. एक तास लेकाने बसावे, एक तास थोरल्या नातवाने. घरधनी हे वाचत असतील तर त्यांनी खाकरून दुर्लक्ष करू नये.

आता घड्याळाची गोष्ट, जिथे आपली माणसे हमखास फसतात. 'एक दिवसाचे भाडे' म्हणजे आपण समजतो चोवीस तास. हॉटेलचा दिवस बहुधा दुपारी दोन-तीनला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपतो. उद्याने उघडतात सकाळी दहा-अकराच्या सुमारास आणि मिटतात संध्याकाळी. म्हणजे तुम्ही सकाळी पोचलात तर खोली मिळत नाही, आणि खोलीचा ताबा मिळतो तेव्हा तुम्ही उद्यानात. दुपारच्या विसाव्यासाठी म्हणून भारी खोली घ्यावी आणि विसाव्याच्या वेळी तीच बंद असावी! सासूबाईंच्या दुपारसाठी खोली घ्यायची तर आदल्या रात्रीपासून घ्यायला हवी, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत राहू देणार व त्याचे जादा किती घेणार, हे आधी ठरवायला हवे. मुलांना पाळण्यांचे आणि पाण्याचे अशी दोन्ही उद्याने दाखवायची असतील तर दोन दिवस धरा. त्यांची तिकिटे वेगवेगळी असतात. तेव्हा मधली रात्र जवळच्या हॉटेलात काढणे सोईचे. एकाच दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट धरू नका, कुठलेच धड होत नाही.

भाड्याचे म्हणाल तर ते कांद्याच्या भावासारखे आहे, रोज वेगळे. खोली ही मेथीच्या जुडीसारखी असते. आजची आज नाही गेली तर उद्या ती विकता येत नाही. म्हणून मंगळवार-बुधवारी तीच खोली स्वस्त आणि शनिवारी महाग. दिवाळीत तर विचारू नका. तुमची ज्वारीची पेरणी तोवर उरकलेली असते आणि शाळेची सुट्टी भाऊबीजेनंतरही काही दिवस उरते. तेव्हाचा मधला वार धरा. पावसाळ्यात भाडे उतरते, पण खालापूरचा पाऊस आपल्याकडच्यासारखा लाजरा नाही. तो कोसळायला लागला की उघड्यावरचे पाळणे बंद ठेवतात.

करही ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली पडते ७,७७० ला आणि ७,६०० ची पडते ८,९६८ ला. भाड्यात फरक दोनशेचा, खिशाला झळ जवळजवळ बाराशेची. म्हणून 'कर धरून एकूण किती?' एवढेच विचारायचे. खोली बहुधा दोन माणसांची धरलेली असते. तिसऱ्या माणसाची गादी वेगळी, मुलाचे कितव्या वर्षापासून पैसे लागतात ते वेगळे. न्याहारी धरली आहे का, हेही विचारा, कारण पाच माणसांची न्याहारी विकत घ्यायची तर खोलीचा स्वस्तपणा तिथेच संपतो. उद्यानात बाहेरचे खाणे बहुधा नेऊ देत नाहीत. तेव्हा भाकरी-चटणी असेल तर ती वाटेत, गाडीत. उद्यान आणि मुक्काम मिळून एकत्र तिकीट देतात, ते दरवेळी स्वस्तच असते असे नाही. कागदावर दोन्ही वेगळे मांडून बघा. आणि मोबाइलवर दिसलेल्या पहिल्याच नंबरावर पैसे पाठवू नका. खोट्या नावाने बुकिंग घेणारे लोक आहेत.

लांबची जागा घेताना मात्र जपून. आम्ही स्वतः एकदा 'उद्यानापासून पाच मिनिटे' या जाहिरातीला भुललो होतो. गाव आणि हॉटेल सांगत नाही. पाच मिनिटे खरीच होती, पण पाखराला. मधून मोठा महामार्ग गेलेला, ओलांडायला वाव नाही, वळसा घालून यायचे तर अर्धा तास. रात्री रिक्षा नाही, धाकटी मुलगी खांद्यावर झोपलेली. तेव्हापासून आम्ही 'किती मिनिटे' असे विचारत नाही. 'रात्री आठ वाजता बायकामुले घेऊन मी तुमच्याकडे कसा येऊ?' असे विचारतो. तुमची जीप आहे म्हणून निम्मी काळजी मिटली; लोकलने खोपोलीला उतरणाऱ्यांनी हा प्रश्न सोडू नये.

लोणावळ्यात राहावे असे पुष्कळजण सुचवतील. आमचे मत विरुद्ध आहे. ते घाटाच्या वर, उद्यान घाटाखाली. सुट्टीच्या गर्दीत घाटात गाडी अडकली की सहलीचा निम्मा दिवस तिथेच जातो. कर्जतच्या बाजूला शेतावरची घरे भाड्याने मिळतात. मुंबईकरांना त्याचे अप्रूप असेल, पण आपले शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात पैसे देऊन झोपण्यात काय मौज?

ताई, तुमच्यासाठी आम्हाला सुचते ते असे. घरून सकाळी निघा आणि घाट उजेडात उतरा. खोपोलीजवळ महडला वरदविनायक आहे, त्याचे दर्शन घ्या. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. त्याच वाटेने पुढे, साधारण तीस किलोमीटरवर, पालीचा बल्लाळेश्वर. तिथे भक्तनिवास आहे. आधी फोन करून जागा पक्की करा. पहिली रात्र तिथे. अष्टविनायकांतले दोन गणपती झाले की सासूबाईंची यात्रा तिथेच पदरात पडते, मग दुसऱ्या दिवशी उद्यानात त्या बाकावर बसून राहिल्या तरी त्यांना आपण फुकट आलो असे वाटणार नाही. दुसरी रात्र मात्र उद्यानाच्या जवळ किंवा खोपोलीत घ्या, कारण थकवा असतो तो त्या रात्री. भारी हॉटेलात राहायची मुलांची फारच इच्छा असेल तर एकच रात्र, हीच. तिसऱ्या दिवशी न्याहारी करून निघालात तर अंधार पडायच्या आत घरी.

गोठ्याचे तुम्ही काहीच लिहिलेले नाही. दोन रात्री, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या चार धारा. कोण काढणार ते आधी ठरवा आणि त्या शेजारणीसाठी पालीहून पेढे आणायला विसरू नका. पालीला पहाटे उठणे झाले तर आणखी बरे. देऊळ पूर्वाभिमुख आहे, आणि थंडीच्या दिवसांत उगवतीचे किरण आत मूर्तीपर्यंत येतात. तेवढे बघून मग मुलांना गाडीत बसवा.