एका वेळी एकच बदल

‘बग्गी’ हा शब्द उच्चारला की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर घोड्याची डौलदार गाडी उभी राहते. आजच्या मुलांची बग्गी निराळी आहे. ती हातभर लांब, वजनाने दीड किलोच्या आसपास, विजेच्या मोटारीवर धावणारी आणि दूर उभ्या असलेल्या चालकाच्या हातातील यंत्राने रेडिओलहरींच्या द्वारे वळणारी असते. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची ही बग्गी डांबरी रस्त्यासाठी नव्हे, तर माती, खडे आणि उंचवटे यांसाठीच घडविलेली असते. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली ‘रफ रायडर’ ही अशी गाडी बाजारात आणली. १९८४ साली अमेरिकेत ‘आरसी-१०’ आली आणि १९८५ साली कॅलिफोर्नियात या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धाही झाली. म्हणजे आज हे केवळ खेळणे राहिलेले नाही. त्याचे एक शास्त्र बनले आहे.

प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो, अशा आमच्या बेज्जूरच्या टापूतही हा छंद आता पोहोचला आहे. परिचयातील एका गृहस्थांनी शहरातल्या पुतण्याची जुनी गाडी आपल्या मुलास आणून दिली. ती प्रत्येक वळणावर उलटते. मुलाचा हट्ट असा की, अधिक वेगाची मोटार हवी. वडिलांचे मत असे की, गाडी कपाटात बंद करावी. माझ्या मते दोघेही रोग एक आणि औषध दुसरे असे करीत आहेत. जी गाडी आहे त्या वेगात उलटते, ती अधिक वेगाने अधिक लवकर उलटेल. आणि कपाटात ठेवलेली गाडी मुलाला काहीच शिकवणार नाही.

अशा गाडीची मशागत चाकांपासून सुरू करावी. जमिनीशी गाडीचे नाते जुळते ते केवळ टायरमधून. सुट्या धुळीत उंच, विरळ दातांचा टायर मातीत रुतून पकड धरतो. घट्ट बसलेल्या जमिनीवर आखूड, दाट दाते बरे. आपली काळी जमीन पावसात चाकाला लिंपते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नदीकाठची वाळू तर आणखी वेगळी. तेव्हा प्रथम जमीन पाहावी.

त्यानंतर गाडीची उंची. वीतभर उंचीवरून गाडी सपाट फरशीवर सोडावी आणि ती स्थिरावली की खालून पाहावे. मागील चाकांकडे जाणारे दांडे साधारण आडवे दिसले, तर आरंभासाठी ती उंची योग्य समजावी. गाडी फार उंच असेल तर वळणावर कलंडते. फार बुटकी असेल तर पोट खड्यांवर घासते. वजनाची जागाही पाहावी. बैलगाडीत ओझे मागे गेले की ती उलाळ होते, हे आपल्या गाडीवानांना शिकवावे लागत नाही. इथेही बॅटरी मागे सरकविली की मागच्या चाकांना पकड येते, पण पुढची चाके हलकी होऊन वळण सुटते.

स्प्रिंगचे काम चाक जमिनीवर टेकवून ठेवण्याचे, तर शॉकअब्सॉर्बरमधील तेलाचे काम त्या स्प्रिंगची उसळी आवरण्याचे. खडबडीत मैदानावर पातळ तेल बरे, कारण चाक चटकन खालीवर होते. मोठ्या उड्यांसाठी दाट तेल लागते. येथे आमच्या जिल्ह्याचा एक विशेष सांगितला पाहिजे. हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि उन्हाळ्यात ४५ च्या आसपास जातो. उष्णतेने तेल पातळ होते. म्हणून जानेवारीत साधलेला मेळ मे महिन्यात टिकत नाही, आणि मुलाला वाटते की गाडी बिघडली. गाडी बिघडलेली नसते. ऋतू पालटलेला असतो.

मोटारीचा विचार सर्वांत शेवटी. मोटारीवरचे लहान दातेरी चाक मोठे बसविले तर वेग वाढतो, पण मोटार तापते. दोन-तीन मिनिटे चालवून गाडी थांबवावी; मोटारीला क्षणभरही बोट लावता येत नसेल, तर दाते कमी असलेले चाक बसवावे.

बॅटरीविषयी मात्र पालकांनी कठोर असावे. आजच्या लिथियम बॅटरीतील प्रत्येक घर ४.२ व्होल्टपर्यंतच भरावे, त्यापुढे कदापि नाही. आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. चार्जर तिच्यासाठीच बनविलेला असावा. चार्जिंग उघड्या फरशीवर, गाद्या-कपड्यांपासून दूर आणि कोणीतरी जागे व जवळ असतानाच करावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ही बॅटरी पेटली की विझविणे कठीण असते. गाडीपेक्षा घर मोलाचे आहे.

आता मुख्य गोष्ट. टायर, उंची, तेल, वजन या चारही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर ती कशामुळे सुधारली हे कोण सांगणार? बिघडली, तर कोठे परतावे? म्हणून एका वेळी एकच बदल करावा, त्याच मैदानावर तितक्याच फेऱ्या माराव्यात आणि वहीत तारीख, हवा, जमीन, बदल व परिणाम अशी नोंद ठेवावी. बदल उपयोगी पडला नाही, तर पूर्वस्थितीवर येऊन मगच दुसरा हाती घ्यावा. इंदूरजवळील पिथमपूर येथे २००७ पासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेत स्वतः बांधलेल्या, माणूस बसवून चालविण्याच्या बग्ग्या खडकाळ वाटेवर पिटाळीत आले आहेत. पुढे विजेच्या बग्ग्याही त्यांत आल्या. त्या मोठ्या गाड्यांनाही हीच शिस्त लागू पडते.

ही वही मराठीत लिहिली जावी, अशी माझी विनंती आहे. आपली मुले शाळेत तेलुगू, हिंदी वा इंग्रजीत शिकतात. मायबोली जेवणाच्या पानापुरती आणि सणावारापुरती उरते. ‘मागचे चाक घसरले, तेल दाट केले, घसरणे थांबले’ असे वाक्य जो मुलगा लिहितो, त्याच्या मराठीला कार्य आणि कारण जोडण्याची सवय लागते. कॅम्बर, पिनियन हे शब्द तसेच राहू द्यावेत. त्यांनी भाषा बाटत नाही. विचार मात्र आपल्या भाषेत व्हावा. वडिलांनी संध्याकाळी त्या वहीची पाने मुलाकडून वाचून घ्यावीत आणि ‘हे कशावरून?’ एवढाच प्रश्न विचारावा. नव्या मोटारीचा खर्च त्यानंतरही करता येईल. बहुधा तो करावाच लागणार नाही.