खेळांतील बंदूक आणि खेळाडूचा शब्द

बंदुकीचें नांव निघतांच घरांतील वडील माणसांच्या कपाळास आठी पडावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु 'एअरसॉफ्ट' नांवाचा जो खेळ हल्लीं तरुणांच्या तोंडीं असतो, तो काय आहे हें समजून न घेतां 'नाहीं' म्हणून मोकळें होणें जसें बरें नव्हे, तसेंच तें दिवाळींतील टिकल्यांच्या पिस्तुलाचें थोरलें भावंड आहे असें समजून मुलाच्या हातीं देणेंहि बरें नव्हे. आपल्यापैकीं अनेक घरांतील मुलें परदेशीं शिक्षणास वा नोकरीस जातात, आणि तेथें सोबत्यांच्या संगतीनें या खेळांत सामील होतात. म्हणून या महिन्यांत त्याची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या खेळाची जन्मभूमि जपान होय. तेथें १९५८ च्या शस्त्रविषयक कायद्यामुळें सामान्य नागरिकास पिस्तूल बाळगणें जवळजवळ अशक्यच आहे. हौशी लोक धातूच्या प्रतिकृतींवर समाधान मानीत; १९७१ मध्यें पिस्तुलांच्या धातूच्या प्रतिकृतींवरहि निर्बंध आले. पुढें त्याच दशकांत हवेच्या दाबानें प्लास्टिकची गोळी फेंकणारीं खेळणीं निघालीं, आणि त्यांतून हा खेळ वाढला. मैदानावर किंवा रानांत दोन पक्ष करावयाचे, झाडांचा व भिंतींचा आडोसा घेत प्रतिपक्षाचें निशाण हस्तगत करावयाचें, असें त्याचें सामान्य स्वरूप आहे.

साधनाचे प्रकार तीन. पहिल्यांत प्रत्येक वेळीं हातानें स्प्रिंग ओढावी लागते. दुसऱ्यांत दाबून भरलेला वायु गोळीस ढकलतो. तिसरा प्रकार विजेचा. तोक्यो मारुई या जपानी कंपनीनें १९९१ मध्यें अशी बंदूक बाजारांत आणिली. हिच्या पोटांत बॅटरीवर चालणारी लहानशी मोटर असते. ती दांत्यांचीं चक्रें फिरवून दट्ट्या मागें ओढते. स्प्रिंग सुटतांच दट्ट्या पुढें धांवतो आणि त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन गोळी नळींतून बाहेर पडते. गोळीचा व्यास बहुधा ६ मिलिमीटर व वजन पुष्कळदां ०.२० ग्रॅम असतें. नळीच्या आरंभीं रबराचा एक लहान उंचवटा असतो. त्यास घांसून जातांना गोळीस उलटी गिरकी मिळते, व त्या गिरकीमुळें हवा तिला कांहीं काळ उचलून धरते. टेनिसचा चेंडू खालून कापून मारिला असतां तरंगत जातो, त्याचेंहि कारण हेंच.

आतां बळाचा विचार करूं. जपानांत २००५ मध्यें कांहीं लोकांनीं अशा बंदुकांचें बळ वाढवून रस्त्यांवरील मोटारींवर गोळ्या झाडिल्या व कांचा फोडिल्या. परिणामीं २००६ मध्यें कायदा कडक झाला, आणि ६ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा ०.९८ ज्यूलच्या आंत असली पाहिजे असें ठरलें. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यानें ताडून पाहावें: ०.२० ग्रॅमच्या गोळीस ०.९८ ज्यूल ऊर्जा मिळाली, तर तिचा वेग सेकंदास सुमारें ९९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें ३५६ किलोमीटर होतो. इतक्या वेगाची हलकी गोळी जाड कपड्यावर लागली तर चिमटा बसल्यासारखें वाटतें; उघड्या त्वचेवर तांबडा वळ उठतो. तो चार दिवसांत जातो. डोळ्याची गोष्ट मात्र अगदीं निराळी आहे.

गोळी डोळ्यावर बसल्यास बुबुळावर ओरखडा पडतो, आंत रक्त सांकळतें, क्वचित् पुढें मोतीबिंदूहि होतो. कित्येकांची दृष्टि कायमची अधू झाली आहे. म्हणून या खेळाचा पहिला नियम असा, कीं मैदानांत असेपर्यंत डोळ्यांवरील संरक्षक चष्मा क्षणभरहि काढूं नये. कांचेवर वाफ धरली, घाम आला, गोळीबार थांबलासा वाटला, तरी काढूं नये. विश्रांतीच्या जागीं पोंचल्यावरच काढावा. नेहमींचा वाचण्याचा किंवा उन्हाचा चष्मा येथें उपयोगाचा नाहीं. तो फुटून त्याचेच तुकडे डोळ्यांत जातात. आघात सोसण्याची परीक्षा झालेला व चहूंकडून चेहऱ्यास चिकटून बसणारा चष्माच हवा. दांतांसाठीं तोंडावर मुखवटा घालावा.

दुसरा नियम बंदूक रिकामी करण्याचा. गोळ्यांचें मॅगझिन काढिलें म्हणजे बंदूक रिकामी झाली, ही समजूत घातक आहे; एखादी गोळी नळींत राहूं शकते. मॅगझिन काढल्यावर सुरक्षित दिशेस एकदोन वेळां चाप ओढावा, मग खटका लावावा आणि नळीच्या तोंडावर आच्छादन बसवावें. बॅटरी घरीं भरीत असतां तिच्याजवळ कोणीतरी असावें. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरूं नये.

तिसरा नियम मैदानाबाहेरचा. ही वस्तु दिसावयास हुबेहूब खऱ्यासारखी असते, हाच तिचा मोठा दोष होय. अमेरिकेंत क्लीव्हलंड शहरीं २०१४ मध्यें एका बारा वर्षांच्या मुलाच्या जवळ बागेंत असेंच पिस्तूल होतें. खेळणें ओळखूं यावें म्हणून टोकास असणारी नारिंगी खूण त्यावर राहिलेली नव्हती. पोलिसानें तें खरें समजून गोळी झाडली, आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशीं मरण पावला. म्हणून प्रवासांत ही वस्तु पेटीत बंद असावी. रस्त्यांत, बागेंत, गच्चीवर ती कोणास दिसतां कामा नये.

इतकी सावधगिरी सांगून झाल्यावर या खेळांतील जी गोष्ट आम्हांस खरोखर आवडली तीहि सांगितली पाहिजे. येथें गोळीचा डाग उमटत नाहीं. हुतूतूंत पंच जवळ उभा असतो; येथें रानांत कोण कोणास पाहणार? गोळी लागली कीं नाहीं हें ज्याला लागली तोच जाणतो. त्यानें हात वर करून मोठ्यानें 'लागली' असें सांगावें व मुकाट्यानें बाहेर जावें, आणि हात वर केलेल्यावर कोणीं गोळी झाडूं नये, असा संकेत आहे. कुरुक्षेत्रावर उभयपक्षीं ठरलेल्या नियमांची येथें आठवण होते. जो लागूनहि खेळत राहतो त्यास जपानी खेळाडू 'झोंबी', म्हणजे चालतें प्रेत, म्हणतात. आणि अशाबरोबर कोणी दुसऱ्यांदा खेळूं इच्छीत नाहीं.

तेव्हां घरच्या मुलानें या खेळाची परवानगी मागितली, तर वडिलांनीं बंदुकीची किंमत विचारण्याआधीं चष्म्याची चौकशी करावी, आणि त्याहिपूर्वीं मनाशीं एक प्रश्न विचारावा: कोणी पाहत नसतां 'मी बाद झालों' असें सांगण्याची संवय या मुलास आहे काय? उत्तर होय असेल, तर त्यास जाऊं द्यावें. नसेल, तर आणखी एक दोन वर्षें थांबण्यास सांगावें. जो स्वतःस लागलेलें लपवितो, तो दुसऱ्याच्या डोळ्यास जपेल असा भरंवसा कोणीं धरावा?